सह्याद्रीत उन्हाळी वनस्पती-अभ्यासवर्ग कसा भरवावा

वनस्पतिशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सुट्टीत निवासी अभ्यासवर्ग भरवायचा ठरला, की बहुतेक शिक्षक आधी ठिकाण शोधू लागतात. त्याआधी मे महिन्यात रानात काय बघायला मिळते, याचा विचार व्हायला हवा. कास पठारावरचा तेरडा आणि सीतेची आसवे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलतात. मे महिन्यात त्याच पठारावर वाळलेले गवत आणि उघडा जांभा एवढेच दिसते, आणि तेथे नेलेले विद्यार्थी निराश होऊन परततात. उन्हाळी वर्गाचा खरा विषय वृक्ष, फळे, बिया आणि झाडांवरच्या आमरी (ऑर्किड) हा आहे. जांभूळ, कोकम आणि करवंद फळांवर असतात, बहावा फुललेला असतो, एराइडीस क्रिस्पा आणि ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा या आमरींचा बहर मेअखेरीस सुरू होतो, आणि वळवाच्या सरी झाल्या की शेवळ ही कंदातून उगवणारी रानभाजी जमिनीतून वर येते. याच सामग्रीवर अभ्यासक्रम बेतावा.

मेचा दुसरा पंधरवडा सर्वांत सोयीचा. आंबोली, महाबळेश्वर किंवा राधानगरीच्या परिसरातील सदाहरित आणि निमसदाहरित जंगले त्यासाठी योग्य आहेत, कारण तेथे भर उन्हाळ्यातही सावली असते आणि पानांवरून झाड ओळखण्याचा सराव करता येतो. वर्गात वीस-चोवीसपेक्षा अधिक विद्यार्थी घेऊ नयेत, आणि सहा विद्यार्थ्यांमागे वनस्पती ओळखणारी एक तरी व्यक्ती असावी. गटात माणसे जास्त झाली की मागच्यांना झाड दिसत नाही, फक्त नाव ऐकू येते, आणि नुसते ऐकलेले नाव लक्षात राहत नाही.

परवानगीचे काम किमान तीन महिने आधी हाती घ्यावे. राखीव जंगलासाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी जायचे असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पूर्वपरवानगी घ्यावी लागते. जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमल्या गेल्या आहेत. त्या समितीला आधी भेटावे आणि गावातील एखाद्या जाणकार व्यक्तीला मानधन देऊन वर्गात शिक्षक म्हणून बोलवावे. हे सौजन्य म्हणून नव्हे, तर गरज म्हणून करावे: कोणत्या झाडाला कोणत्या वर्षी फळ धरले नाही, हे ती व्यक्ती सांगू शकते आणि ग्रंथ सांगू शकत नाहीत. देवराईत जाणार असाल, तर तेथील नियम गावकऱ्यांकडून समजून घ्यावेत आणि पडलेले पानसुद्धा उचलू नये.

दिवसाची आखणी उन्हाकडे पाहून करावी. सकाळी सहा ते दहा रानात, दुपारी सूक्ष्मदर्शकापाशी, संध्याकाळी नमुने दाबणे आणि नोंदी पूर्ण करणे, एवढे पुरे आहे. मेअखेरीस दुपारनंतर विजा कडाडतात, म्हणून त्या वेळी उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, कोणालाही थांबू देऊ नये.

पहिले दोन दिवस एकही शास्त्रीय नाव सांगू नये, असा माझा आग्रह आहे. विद्यार्थ्याला दहा पट मोठे दाखवणारे भिंग द्यावे आणि फुलांशिवाय झाड कसे वाचायचे ते शिकवावे. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक? देठ तोडल्यावर चीक येतो का, आणि त्याचा रंग कोणता? पान उजेडासमोर धरले तर पारदर्शक ठिपके दिसतात का? चुरगळल्यावर वास कसा येतो? समोरासमोर पाने आणि दोन देठांच्या मधोमध उपपर्णे, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी छोटी उपांगे, दिसली, तर रुबिएसी कुलाकडे (कुल म्हणजे वनस्पतींचे कुटुंब) वळावे. एकाआड एक पाने, पांढरा चीक आणि गळालेल्या उपपर्णाचा फांदीभोवती उमटलेला वलयाकार व्रण दिसला, तर ते बहुधा वड-उंबराच्या प्रजातीचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) झाड असते. ठिपके आणि लिंबासारखा वास असेल, तर रुटेसी. अशी दहा-बारा कुले हातापायांत मुरली, की अनोळखी जंगलातही विद्यार्थी भांबावत नाही. हे कौशल्य पावसाळी सहलीत सहसा कमावले जात नाही, कारण तेव्हा डोळे फुलांवरच खिळून राहतात.

तिसऱ्या दिवसापासून ओळख-किल्ली, म्हणजे लक्षणांचे पर्याय निवडत वनस्पतीच्या नावापर्यंत नेणारी यादी, हातात द्यावी. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यातील बरीच नावे आता बदलली आहेत, तरी वर्णने अजूनही भरवशाची आहेत. त्याच्या जोडीला भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९९६ ते २००१ या काळात काढलेले महाराष्ट्राच्या वनस्पतींवरील तीन खंड ठेवावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने एक तरी फूल स्वतः उभे चिरून अंडाशय ऊर्ध्वस्थ (पाकळ्यांच्या बुडाच्या वर) आहे की अधःस्थ (त्याच्या खाली) ते पाहावे, पुंकेसर मोजावेत आणि किल्लीच्या प्रत्येक पायरीवर आपण कोणता पर्याय का निवडला ते वहीत लिहावे. मोबाइलमधील ओळख सांगणारी ॲप शेवटी पडताळणीसाठी वापरू द्यावीत, सुरुवातीला मुळीच नाही.

नमुने गोळा करताना संयम शिकवणे हाच निम्मा अभ्यास आहे. एका जागी एकाच जातीची किमान वीस रोपे दिसली, तर त्यांतील एकाचा नमुना घ्यावा, हा संकेत पाळावा. कंद उपटू नयेत. कंदीलपुष्पांच्या आणि आमरींच्या बाबतीत छायाचित्र, मापे आणि रेखाटन यांवरच थांबावे. नमुना जुन्या वर्तमानपत्रात पसरताना एखादे पान उलटे ठेवावे, म्हणजे खालची बाजूही दिसते. पहिले काही दिवस कागद रोज बदलावेत, अन्यथा दमट हवेत बुरशी धरते. पूर्वी कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड वापरत असत. ते विषारी आहे, म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. सुकलेला नमुना पिशवीत बंद करून उणे २० अंश सेल्सिअसला आठवडाभर गोठवावा. नंतर तो साधारण ४२ × २८ सेंटीमीटरच्या जाड कागदावर चिकटवावा. चिठ्ठीवर जागा, तारीख, उंची, अक्षांश-रेखांश, अधिवास, स्थानिक नाव, संग्राहकाचे नाव आणि क्रमांक असावा, आणि सुकल्यावर नाहीसे होणारे सर्व काही, म्हणजे फुलाचा रंग, चीक, वास, सालीचा पोत, जागेवरच लिहिलेले असावे. चिठ्ठी नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने वाळलेला पाला आहे.

जंगलाची मोजणी एका सकाळी उरकता येते. १० × १० मीटरचे काही चौकोन आखून त्यांतील ३० सेंटीमीटर आणि त्याहून अधिक घेराच्या झाडांचा छातीच्या उंचीवरील, म्हणजे १.३७ मीटरवरील, घेर मोजावा.

संवर्धनाचा भाग व्याख्यानांवर सोपवू नये, कारण तो प्रत्यक्ष करून शिकायचा विषय आहे. शिंदळमाकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, ही फक्त महाराष्ट्रातील मोजक्या कड्यांवर आढळणारी मांसल वनस्पती त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. उन्हाळ्यात तिची पाने गळालेली असतात, त्यामुळे रानात ती शोधण्यापेक्षा हर्बेरियममधील, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयातील, नोंदींवरून तिचा नकाशा काढावा. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, मुंबईचे ब्लॅटर हर्बेरियम यांपैकी जवळच्या ठिकाणी आधी पत्र पाठवून एक दिवस ठरवावा. अलीकडे काही अभ्यासक या जातीला दुसऱ्या प्रजातीत घालतात, त्यामुळे जुनी आणि नवी दोन्ही नावे शोधण्याचा सराव आपोआप होतो. मिळालेल्या जागा नकाशावर मांडून २ × २ किलोमीटरच्या चौकटी मोजाव्यात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या निकषांत असे व्यापलेले क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर जात धोक्यातील वर्गात, आणि १० पेक्षा कमी असेल, तर अतिधोक्यातील वर्गात जाऊ शकते. मात्र केवळ क्षेत्र लहान असून भागत नाही; अधिवासाचे तुकडे पडणे किंवा मोजक्याच जागा उरणे, सतत घट होणे आणि संख्येत टोकाचे चढउतार होणे, या तिन्हींपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. घट होते आहे हे कशावरून म्हणता, या प्रश्नावर विद्यार्थ्यांना भरपूर वाद घालू द्यावा. जुन्या चिठ्ठीवर केवळ गावाचे नाव असेल, तर तो बिंदू नकाशावर कोठे ठेवायचा हे ठरवताना चिठ्ठी नीट लिहिण्याचे मोल त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

बियांचा एक प्रयोग मात्र मे महिन्यातच करता येतो. जांभूळ आणि कोकम यांच्या बिया सुकवल्या की मरतात, त्यामुळे त्या थंड बीजपेढीत साठवता येत नाहीत; या जाती टिकवायच्या तर जिवंत झाडेच राखावी लागतात. बहाव्याचे बी उलट कठीण कवचाचे आणि दीर्घकाळ टिकणारे असते, पण कवच घासल्याशिवाय ते सहज रुजत नाही. तिन्हींच्या ताज्या आणि सुकवलेल्या बिया शेजारी शेजारी पेराव्यात, आणि रोपांची नोंद ठेवण्याचे काम विद्यार्थ्यांना वाटून द्यावे.

वर्ग संपण्यापूर्वी नमुन्यांची एक प्रत मान्यताप्राप्त हर्बेरियमकडे जाईल याची व्यवस्था करावी. वनस्पतींची यादी स्थानिक नावांसह मराठीत तयार करून गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीसाठी समितीकडे द्यावी. दुर्मीळ जातींच्या नेमक्या जागा मात्र ऑनलाइन टाकू नयेत, कारण आमरी आणि कंद ओरबाडणारेही त्या नोंदी वाचतात. सप्टेंबरमधील दोन दिवसांच्या पुनर्भेटीची तारीख मे महिन्यातच ठरवून तिचा खर्च मूळ अंदाजपत्रकात धरावा, म्हणजे ज्या झाडांची ओळख पानांवरून केली त्यांच्याखाली उगवलेल्या लाकडी खोड नसलेल्या लहान वनस्पती आणि गवते त्याच चौकोनांत मोजता येतील.