चिवावाला कडेवरून खाली उतरवा

चिवावा ही कुत्र्यांची अगदी छोटी जात. त्याचं पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी घरी आणू नका. 2017च्या केंद्रीय नियमांनुसार त्याआधी ते विकताच येत नाही. 'टीकप', म्हणजे कपात मावेल एवढं, म्हणून विकायला ठेवलेलं तर मुळीच नको. त्या नावाची कुठली जात नाही. पूर्ण वाढलेला चिवावा दीड ते तीन किलोचा असतो, त्याहून लहान कशाला हवा?

पहिले तीन-चार महिने दिवसातून चारदा खायला घाला. एवढ्याशा अंगात साखर साठून राहत नाही. पिल्लू लटपटायला लागलं, मलूल पडलं तर हिरड्यांना मध चोळा आणि तडक डॉक्टरांकडे न्या. शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या तोंडात काहीही ओतू नका. गळपट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस वापरा, कारण श्वासनलिका नाजूक असते. सोफ्याला पायरी लावा, दात रोज घासा.

आता उचलण्याबद्दल. घरं इथेच चुकतात.

'छोटी कुत्री चावरीच असतात' हे ऐकलं की मला राग येतो. लॅब्रॅडॉर गुरगुरला की माणूस दोन पावलं मागे सरतो. चिवावा गुरगुरला की घरातले हसतात, व्हिडिओ काढतात आणि वर त्याला उचलतातच. गुरगुरून कोणी ऐकत नाही हे त्याला लवकरच कळतं, मग तो थेट दात लावतो. गुरगुरल्याबद्दल रागावणं तर त्याहून वाईट. तुम्हाला मिळणारी स्पष्ट सूचना तुम्हीच बंद करता.

माझ्या पहिल्या चिवावाला, गोटूला, मी असाच बिघडवला. रस्त्यात कुत्रं दिसलं की घेतलाच छातीशी. माझे हात आवळले जायचे, श्वास अडकायचा, आणि ते सगळं त्याच्यापर्यंत पोचायचं. वर्षाचा होईतो तो लिफ्टच्या आवाजावरही भुंकायला लागला, आणि एके दिवशी लाडाने उचलू पाहणाऱ्या शेजारच्या मुलीच्या बोटाला चावला. त्याला पुन्हा जमिनीवर निवांत चालायला शिकवण्यात आठ महिने गेले.

वरून झडप घातल्यासारखं उचलू नका, आणि पुढचे पाय धरून तर कधीच नाही. खाली बसा. 'वर' म्हणा आणि थांबा. त्याने तोंड फिरवलं, ओठ चाटले, कान मागे टाकले, तर तो नाही म्हणतोय. तेव्हा राहू द्या. जवळ आला तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घ्या आणि अंगाशी धरा. दोन सेकंदांनी परत ठेवा. चारही पाय फरशीला टेकेपर्यंत हात सोडायचे नाहीत. अर्ध्यातून मारलेल्या उडीने त्याचं हाड मोडू शकतं. मग चिकनचा बारीक तुकडा. दिवसातून पाच-सहा वेळा एवढंच करा. पाहुण्यांनाही हाच नियम, आणि लहान मुलांनी उभ्याने उचलायचंच नाही. त्यांनी जमिनीवर बसावं, त्याला वाटलं तर तो मांडीवर येईल.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत मात्र पिल्लाला बाहेर कडेवरच न्या, कारण जमिनीवरून पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची लागण होते. पण न्या नक्की. पहिल्या तीन महिन्यांत रिक्षा, पाऊस, टोपीवाली माणसं, कुकरची शिट्टी हे सगळं त्याच्या ओळखीचं झालं पाहिजे. डोस पूर्ण झाल्यावर फिरायला गेलात आणि समोरून कुत्रं आलं, तर पलीकडच्या फुटपाथवर जा, पट्टा सैल ठेवा. त्याने तिकडे पाहून परत तुमच्याकडे पाहिलं की तुकडा द्या. तो खायला तयार नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. अजून लांब सरका.

मोकाट कुत्रं अंगावर धावून आलं तर विचार न करता उचला. दोन किलोच्या जिवावर असले प्रयोग करायचे नाहीत. ओरडू नका, पळू नका, पाठ त्या कुत्र्याकडे करून चिवावाला झाका आणि सावकाश चालत राहा. धोका टळला की तिथेच खाली ठेवा आणि घरापर्यंत त्याच्या पायांनी येऊ द्या.