इनुक्टिटुटमधला 'प' टाइप करताना

कॅनडातल्या इनुक्टिटुट भाषेच्या लिपीत 'प' हे अक्षर गणितातल्या 'पेक्षा लहान' चिन्हासारखंच दिसतं. म्हणून कीबोर्डवरचं ते चिन्ह 'प'च्या जागी अजिबात वापरू नका. शोध फसतो, शब्द मधेच तुटतो, एक्सएमएल फाइल तर वाचलीच जात नाही. खरा 'प' युनिकोडमध्ये (जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रणालीत) यू+१४३८ वर आहे. इनुक्टिटुट कीबोर्ड लावूनच टाइप करा.

दीर्घ 'पा'ला वर टिंब असतं. आपल्याकडे काना वेगळा साठवला जातो, तिथे मात्र टिंबासकट अख्खं अक्षर एकच: यू+१४३९. टिंब सुटं जोडलंत तर दिसेल तसंच, पण एनएफसी (सुटे भाग जोडून अक्षरं एकसारखी करणारी युनिकोडची प्रक्रिया) करूनही दोन्ही जुळणार नाहीत. यादीत माणसाचं नाव न सापडणं ही किरकोळ चूक नव्हे, तेव्हा सुटी टिंबं डेटा भरतानाच शोधून बदला.