प्रीअँपमधला क्रॉसटॉक: आधी वाट शोधा, मग स्विच बदला

घरी बांधलेल्या प्रीअँपबद्दल (सीडी, ट्यूनर अशा सोर्सपैकी एक निवडून त्याचा सिग्नल पुढे अँप्लिफायरला देणाऱ्या भागाबद्दल) एक तक्रार हमखास येते. सिलेक्टर सीडीवर आहे, सीडी थांबवलेली आहे, तरी ट्यूनरवरचं गाणं मागे बारीक ऐकू येतंय. हाच क्रॉसटॉक. अशा वेळी महागडा सिलेक्टर स्विच मागवायचा मोह होतो. नवीन मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी आवाज कुठल्या वाटेने झिरपतोय ते शोधा. मुख्य वाटा दोनच आहेत: वायरींमधला कपॅसिटन्स (दोन वायरी एकमेकींना न टेकताही सिग्नल पलीकडे पोचवणारा गुण) आणि सामाईक ग्राउंड. पण एकीवरचा उपाय दुसरी वाट रुंद करू शकतो.

निवडलेला इनपुट मोकळा ठेवून तपासणी करू नका, त्यातून दिशाभूलच होते. आरसीए प्लगमध्ये 1 किलोओहमचा रेझिस्टर सोल्डर करा आणि तो प्लग त्या इनपुटला लावा. शेजारच्या इनपुटवर आधी 1 आणि मग 10 किलोहर्ट्झचा सूर, तेवढ्याच पातळीने, सोडा. आउटपुटवर दुसरा सूर पहिल्यापेक्षा 20 डेसिबलच्या आसपास जास्त आला, तर गळती कपॅसिटन्समधून आहे. दोन्ही सारखेच आले, तर संशय सामाईक ग्राउंडवर घ्या. कानालाही हा फरक कळतो: पहिल्या प्रकारात नुसती झांज आणि ‘स’कार ऐकू येतात, दुसऱ्यात गाणं खर्जासकट येतं.

कपॅसिटन्सचं गणित एकदा स्वतः करून पाहावं. शेजारून धावणाऱ्या दोन उघड्या वायरींमध्ये 10 पिकोफॅरड सहज असतात. 10 किलोहर्ट्झला त्यांची रिअॅक्टन्स (त्या सुराला होणारा अडथळा) साधारण 1.6 मेगाओहम. निवडलेल्या बाजूला 1 किलोओहम असेल, तर गळती उणे 64 डेसिबल. 100 ओहम असेल, तर उणे 84. इनपुट मोकळा असेल आणि पुढे फक्त 50 किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट असेल, तर मात्र उणे 30! स्विच तोच, वायरिंग तेच, आकडे इतके वेगळे.

म्हणून मला पॅनेलवरच्या रोटरी स्विचपर्यंत वायरी ओढण्यापेक्षा मागे सॉकेटपाशी रिले (विजेने चालणारा स्विच) बसवणं जास्त पटतं. प्रत्येक स्टिरिओ इनपुटला दोन चेंजओव्हर संपर्कांचा एक रिले पुरतो. सॉकेटपासून 1 किलोओहमचा रेझिस्टर रिलेच्या कॉमनला जातो, एनओ (रिले चालू झाल्यावर जोडला जाणारा संपर्क) सगळ्या इनपुटच्या सामाईक वायरीला, म्हणजे बसला, आणि एनसी (रिले बंद असताना जोडलेला संपर्क) ग्राउंडला. न निवडलेला सिग्नल रिलेपाशीच ग्राउंड होतो, आणि रेझिस्टरमुळे सोर्सचं आउटपुट शॉर्ट होत नाही.

पण इथेच दुसरी वाट उघडते. 2 व्होल्टचा सोर्स या रेझिस्टरमधून 2 मिलिअँपिअर ग्राउंडमध्ये ढकलतो. तो करंट 0.05 ओहमच्या सामाईक वायरीतून गेला, तर तिच्यावर 100 मायक्रोव्होल्ट पडतात, म्हणजे उणे 86 डेसिबल, आणि तेही खर्जापासून तारापर्यंत सारखेच. वाईट सोल्डर जोड असेल तर आणखी जास्त. त्यामुळे एनसीची ग्राउंड वायर त्याच इनपुटच्या सॉकेटच्या ग्राउंडला जोडा. करंट आल्या वाटेनेच परत जातो.

फोनो (रेकॉर्ड प्लेअरचा इनपुट) असेल तर त्याच्या वायरी लाइन इनपुटच्या जवळपासही नेऊ नका. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचे (रेकॉर्डवरच्या सुईच्या एका प्रकारच्या पिकअपचे) 5 मिलिव्होल्ट आणि सीडीचे 2 व्होल्ट यांत 52 डेसिबलचा फरक आहे. फोनो स्टेज (हा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) सॉकेटला चिकटून, वेगळ्या पत्र्याच्या डबीत बसवा आणि सिलेक्टरला तिचं आउटपुटच द्या.