गाईड बाजूला ठेवून बी.ए.चा अभ्यास

बी.ए.ला वेळच वेळ असतो, असं म्हणतात. हिशोब मांडला तर तसं दिसत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका सत्राला साधारण २२ क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे ३० तासांचं काम धरलेलं असतं. थिअरीच्या पेपरला त्यातले १५ तास वर्गात जातात, बाकीचे १५ तुमचे. १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला ४४ तास होतात, त्यातले निम्मे वर्गाबाहेरचे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला २२ तास काढता येणार नाहीत. १२ तरी काढा, आणि त्यातले ८ मेजरला, म्हणजे तुमच्या मुख्य विषयाला, द्या. ओपन इलेक्टिव्हचा, म्हणजे मेजरबाहेरच्या ऐच्छिक विषयाचा, पेपर शेवटच्या तीन आठवड्यांत निघतो, मेजर निघत नाही.

पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या. तीत तीन गोष्टी बघा: कोणत्या घटकाला किती तास दिले आहेत, इंटर्नलला (कॉलेजातल्या अंतर्गत मूल्यमापनाला) किती गुण आहेत आणि संदर्भग्रंथ कोणते. संदर्भग्रंथांची यादी बहुतेकजण ओलांडून जातात. ती घेऊन ग्रंथालयात जा आणि कोणती पुस्तकं खरोखर आहेत त्यावर खूण करा. वीसपैकी सहा सापडली तरी सत्र निघतं. ड्युई पद्धतीने, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन, पुस्तकं लावलेल्या ग्रंथालयात राज्यशास्त्र ३२०ला, अर्थशास्त्र ३३०ला, मराठी साहित्य ८९१.४६ला आणि भारताचा इतिहास ९५४ला असतो. मुक्तद्वार असेल, म्हणजे कपाटांपर्यंत स्वतः जाता येत असेल, तर हवं ते पुस्तक काढून झाल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंची पुस्तकंही चाळा. यादीत नसलेलं, पण कामाचं पुस्तक बहुधा तिथेच असतं.

वाचायचं कसं

पंचवीस पानांचं प्रकरण पहिल्या ओळीपासून अधोरेखित करत सुटलात, तर शेवटी पान पिवळं होतं आणि डोक्यात काही राहत नाही. आधी दहा मिनिटं पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद आणि मधली उपशीर्षकं वाचा. मग वहीत एक ओळ लिहा: लेखक कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय? त्यानंतर सलग वाचा, पेन्सिल हातात न घेता. वाचून झालं की पुस्तक मिटून पाच-सात ओळींत त्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत लिहा. जिथे अडकाल तेवढीच पानं पुन्हा उघडा.

प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर लेखक, पुस्तक, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठक्रमांक हवा. जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य अवतरणचिन्हांत घाला, आपलं मत वेगळ्या शाईने लिहा. हे आज कंटाळवाणं वाटतं. पण तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट लिहिताना कोणतं वाक्य कुणाचं हेच कळेनासं होतं, आणि नकळत केलेली चोरीसुद्धा चोरीच धरली जाते.

मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी अडचण इंग्रजी पुस्तकांची. अख्ख्या प्रकरणाचं भाषांतर करत बसू नका, त्यात दिवस जातो आणि मुद्दा निसटतो. त्या विषयावरची मराठी विश्वकोशातली नोंद आधी वाचा, ती आंतरजालावर फुकट आहे. विषयाचा नकाशा डोक्यात बसला की इंग्रजी प्रकरण घ्या आणि रोज तीन पानांवर थांबा. संज्ञा अडली तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. एका संज्ञेला दोन-तीन मराठी पर्याय दिसतील; एक निवडा आणि उत्तरभर तोच ठेवा.

लिहायचं कसं

गुण इथेच जातात. प्रश्न समजा असा आहे: ‘महात्मा फुले यांच्या शैक्षणिक विचारांचे मूल्यमापन करा.’ गाईडमधलं उत्तर १८२७च्या जन्मापासून सुरू होतं, १८४८ची मुलींची शाळा, १८७३चा सत्यशोधक समाज असं करत १८९०ला संपतं, आणि शेवटी ‘अशा प्रकारे ते थोर समाजसुधारक होते.’ यात चूक एकही नाही, पण प्रश्नाला हातही लागलेला नाही. ‘मूल्यमापन करा’ म्हणजे निकष सांगून तोलायचं. ‘चर्चा करा’ म्हणजे किमान दोन बाजू मांडायच्या, ‘फरक स्पष्ट करा’ म्हणजे एकेका मुद्द्यावर दोन्हींना समोरासमोर उभं करायचं. ‘टीप लिहा’ला मात्र नेमकी माहिती पुरते.

मग लिहायचं काय? फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला (ब्रिटिश सरकारच्या शिक्षण आयोगाला) दिलेलं निवेदन मोजक्या पानांचं आहे, आणि त्यांच्या समग्र वाङ्मयात ते वाचायला मिळतं. एका बैठकीत होतं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे, ही त्यातली मुख्य तक्रार. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही मागणी. अभ्यासक्रमात त्यांनी मोडी आणि बाळबोध (देवनागरी) वाचन-लेखन, हिशोब यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही मागितलं आहे. तोलायला पुढचा काळ घ्या: गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं १९११ला, ते मंजूर झालं नाही, कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचं व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं ते १९१७ला. मागणी आणि तिची अंमलबजावणी यांत तीन दशकांहून जास्त काळ का गेला, हा तुमच्या उत्तराचा कणा. ‘थोर’ हा शब्द न वापरताही थोरवी दिसते.

उत्तराची बांधणी साधी ठेवा. पहिल्या तीन ओळींत तुमचं म्हणणं आणि निकष. मग दोन-तीन परिच्छेद, प्रत्येकात एक मुद्दा आणि त्याला एक पुरावा. मग तुमच्या म्हणण्याला अडचणीत आणणारी एक गोष्ट, आणि तिचं काय करायचं ते. प्रस्तावनेत अर्धं पान घालवणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो, तो मुद्दा शोधत बसणार नाही.

वेळेचं गणित आधीच करून ठेवा. ६० गुणांचा पेपर दोन तासांत असेल तर १५ गुणांच्या उत्तराला ३० मिनिटं मिळतात. चार मिनिटं आराखडा, चोवीस लेखन, दोन वाचून बघायला. हाताने मिनिटाला १५-१८ शब्द होतात, म्हणजे उत्तर ३६०-४३० शब्दांचं. यापेक्षा मोठं पाठ केलेलं उत्तर मधेच तुटतं. म्हणून आठवड्याला एक उत्तर घड्याळ लावून हातानेच लिहा आणि सर-मॅडमना दाखवा. ‘तपासून द्या’ असं मोघम न म्हणता ‘दुसऱ्या परिच्छेदात पुरावा पुरतो का?’ असं विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं. एमपीएससी डोक्यात असणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा बी.ए. नुसतं नावाला करून भागत नाही.

फील्ड प्रोजेक्ट

विषय मोठा घेतला की प्रोजेक्ट फसतो. ‘ग्रामीण स्त्रियांची स्थिती’ हा विषय नव्हे. ‘आमच्या गावातल्या एका बचत गटातल्या दहा जणी कर्ज कशासाठी काढतात’ हा विषय. आधी दोघींशी बोलून प्रश्नावली तपासा. ‘कर्ज फेडायला त्रास होतो का?’ सारखे हो-नाहीचे प्रश्न काढून टाका आणि ‘मागचं कर्ज कसं फेडलं?’ असं विचारा. रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्या, अहवालात नावं बदला. एक तासाचं बोलणं लिहून काढायला चार-पाच तास सहज लागतात. दहा मुलाखती ठरवताना हे लक्षात असू द्या. गावाची पार्श्वभूमी लिहायला जिल्हा गॅझेटिअर आणि २०११च्या जनगणनेची गावनिहाय आकडेवारी पुरते. एआयकडून संदर्भ मागितले असतील तर प्रत्येक पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीत शोधून बघा. अस्तित्वात नसलेली पुस्तकं ते बिनदिक्कत सांगतं, आणि तोंडी परीक्षेत उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

निकाल अपेक्षेपेक्षा कमी लागला तर पुनर्मूल्यांकनाला धावण्याआधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा. अर्जाची मुदत थोडक्या दिवसांची असते. एखाद्या पानभर उत्तराला १५पैकी ५ दिसले, तर प्रश्नातलं क्रियापद आणि तुमचा पहिला परिच्छेद शेजारी ठेवून वाचा.