घरच्या बागेत बियांपासून काकडी

महाराष्ट्रात काकडी उन्हाळी पिकासाठी जानेवारी-फेब्रुवारीत आणि पावसाळी पिकासाठी जून-जुलैत लावतात. कडाक्याच्या थंडीत मात्र बी रुजत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘हिमांगी’ किंवा ‘फुले शुभांगी’ या वाणांचे बी मिळाल्यास घरच्या बागेसाठी ते उत्तम.

काकडीच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून बी थेट कायमच्या जागीच, शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत मातीत सुमारे दोन सेंटीमीटर खोल पेरावे. एका आळ्यात तीन-चार बिया टाकाव्यात आणि खरी पाने (पहिल्या दोन जाडसर बीजपत्रांनंतर येणारी) फुटल्यावर दोनच जोमदार रोपे राखावीत. गच्चीवर लावायचे असेल तर किमान फूटभर खोल कुंडी हवी. वेल मांडवावर किंवा जाळीवर चढवल्यास फळे सरळ वाढतात आणि जमिनीला टेकून सडत नाहीत.

सुरुवातीला फुले येतात आणि गळून जातात, तेव्हा पुष्कळजण घाबरून खते ओततात, ते अनावश्यक आहे. ती नरफुले असतात; देठाशी इवलीशी काकडी असलेले मादीफूल नंतर येते. उंच मजल्यावर मधमाश्या फिरकत नसतील, तर सकाळीच ताजे नरफूल खुडून, पाकळ्या काढून, त्याचे परागकण मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत.

पाण्यात खंड पडला आणि ऊन तापले, की कुकुरबिटासिन हा कडू घटक वाढतो, म्हणून ओल सतत टिकवावी, पण पाणी साचू देऊ नये. लाल भुंगे कोवळी पाने कुरतडतात. ते सकाळी हाताने वेचावेत. फळे कोवळी असतानाच तोडावीत, कारण एखादी काकडी वेलीवर पिवळी पडू दिली तर नवी फळधारणा मंदावते.