माळवद गार, तर घर गार

मोहोळ तालुक्यात सीनाकाठच्या गावात आमचं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर आहे, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. अडीच फूट रुंद दगडमातीच्या भिंती, मोठाल्या तुळया, मधे चौक. गावात अशी घरं अजून उभी आहेत. उकडतं आणि वीजबिल परवडत नाही म्हणून ती पाडून स्लॅब टाकू नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून आम्ही काय काय केलं ते सांगते.

कूलर, एसी काहीही घ्यायच्या आधी शिडी लावून वर चढा. मे महिन्यात दिवसभर ऊन माथ्यावर असतं, त्यामुळं घरात सगळ्यात जास्त उष्णता छतातनं उतरते. फळ्या, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, एवढं धड असेल तर दुपारची झळ आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

आम्ही मात्र गळतीला कंटाळून माळवदावर सिमेंटचा कोबा करून घेतला होता. गवंडी म्हणाला, "वहिनी, आता वीस वर्षं वर बघायला नको." दुसऱ्याच उन्हाळ्यात कोब्याला चिरा गेल्या. चिरेतनं पाणी आत जायचं, पण वरनं झाकलेलं असल्यामुळं माती वाळायची नाही. चौथ्या वर्षी मधल्या खोलीतल्या तुळईत मी सुरीचं टोक खुपसलं, तर ते बोटभर आत शिरलं. बाहेर काढलं तेव्हा पात्याला ओला भुसा चिकटला होता. तुळई बदलली, सगळा कोबा फोडून काढला. मातीच्या भिंतीलाही सिमेंटचा गिलावा करू नका. ओलीला बाहेर पडायला वाट हवी असते, आणि ओली भिंत उष्णता लवकर आत घेते. गिलावा मातीचा नाहीतर चुन्याचाच ठेवा.

दुरुस्ती मेच्या शेवटी, रोहिणी लागल्या की काढा. वाळलेलं गवत मुळासकट उपटा, उंदरांची बिळं बुजवा. सुटलेली जुनी माती खरवडून खाली उतरवा, मगच नवी टाका. दरसाल नुसती भर घालत गेलं की वजन वाढतं आणि तुळया वाकतात. चाळलेली पांढरी माती दोन-तीन बोटं पसरा, पन्हाळीकडं उतार ठेवा, पाणी शिंपडून धुम्मसानं, म्हणजे चोपायच्या जड ठोकळ्यानं चोपा. हे सुरू करण्याआधी प्रत्येक तुळईला, विशेषतः भिंतीत शिरते त्या टोकाला, सुरी लावून बघा. मऊ लागली तर वर माणसं चढवू नका.

चौकापलीकडं आमची एक स्लॅबची खोली आहे. रात्री दहाला तिच्या छताला हात लावला तर तव्यावर ठेवल्यासारखा वाटायचा. तिच्या छतावर मार्चमध्ये चुना मारतो. कळीचा चुना दोन दिवस आधी विझवायचा, गाळून पातळ करायचा आणि तीन हात द्यायचे. पांढऱ्या रंगावरनं ऊन परततं. विझवताना चुना उकळून उडतो, डोळे जपा आणि पोरांना लांब ठेवा. पावसात तो धुपतो, दरवर्षी मारावाच लागतो.

यानंतरचं काम बिनपैशाचं. आमच्या आत्याबाई सकाळी ऊन उंबऱ्याशी आलं की म्हणायच्या, "कवाडं ओढा गं." सोलापूरकडं मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, पण हवा कोरडी असल्यामुळं पहाटे चांगलाच उतरतो. म्हणून दिवेलागणीनंतर खिडक्या, झरोके सगळे उघडायचे, भिंती रात्रभर निवू द्यायच्या आणि आठ-नऊला घर बंद करायचं. झरोक्याला जाळी बसवा, म्हणजे डासांपायी तो कायमचा बुजवावा लागत नाही. पश्चिमेच्या भिंतीपासून दोन-अडीच हात सोडून मांडव घाला, त्यावर दोडका किंवा तोंडली चढवा. वेल भिंतीवर चढवू नका, ओल धरते.

एवढं झालं की मग यंत्रं. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. रोज सोळा तास चालणारे चार पंखे बदलले की महिन्याला ८५-९० युनिट वाचतात. आमच्या कोरड्या हवेत कूलर छान चालतो, पण तो खिडकीबाहेर ठेवा आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. बोअरच्या पाण्यानं जाळ्यांवर क्षार धरतात, आठवड्याला टाकी रिकामी करून घासा. एसी लावायचाच झाला, तर म्हाताऱ्या माणसाची एकच लहान खोली निवडा आणि दाराखालची फट आधी बंद करा.

सौर पॅनल शेवटी, कारण गरज कमी झाल्यावर लहान संच पुरतो. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनल माळवदावर बसवू नका. पाय रोवायला माती उकरावी लागते आणि तिथनंच पाणी मुरतं. आम्ही गोठ्यावर लोखंडी सांगाडा उभारून बसवले. पत्र्यावर सावली पडल्यापासून दुपारी म्हशी धाप टाकत नाहीत.