मेडिकल कॉलेजात सर्जरी क्लब काढलाय? मग पैशाचं आधी बघा

नवीन इंटरेस्ट ग्रुप, म्हणजे असा एका विषयाचा क्लब, निघाला की पहिल्याच मीटिंगला पोरं लोगो आणि टी-शर्ट ठरवतात आणि मग "स्पॉन्सर शोधा रे" सुरू होतं. उलटं करा. वर्षात नक्की काय काय करणार ते आधी लिहा, मग त्यातलं काय काय कॉलेजात फुकट मिळतं त्यावर काट मारा, आणि जे उरेल तेवढ्याचेच पैसे शोधा.

सूचरिंग (टाके घालण्याच्या) वर्कशॉपचंच घ्या, कारण सर्जरीवाल्यांचा पहिला कार्यक्रम बहुतेक तोच असतो. हॉल फुकट. नीडल होल्डर, फोर्सेप्स (सुई आणि कातडी धरायचे चिमटे) स्किल लॅबमधून एका दिवसासाठी इश्यू करून घ्या, रेसिडेंट (पीजी करणारे डॉक्टर) शिकवायला चहावर येतात. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) मुदत संपलेले सूचर, म्हणजे टाक्यांचे धागे, पडून असतात, प्रॅक्टिससाठी ते मस्त चालतात, पण एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सहीचं पत्र नेल्याशिवाय एक पाकीटही उचलू नका, नंतर स्टॉक जुळला नाही की बोलणी सिस्टरांना बसतात. वापरलेल्या सुया पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात, तो डबाही वॉर्डातून मिळतो, फक्त आधी सांगून ठेवा. म्हणजे खर्च उरला खाटकाकडचे बकऱ्याचे पाय (व्हेज मंडळींना केळी), ग्लोव्हज आणि नाश्ता. समजा ३० जणांकडून १५० रुपये घेतले तर ४५०० होतात, आणि तेवढ्यात हे सगळं आरामात बसायला हवं, नाही बसलं तर बहुतेक नाश्त्यात गडबड आहे.

वार्षिक मेंबरशिप फी मला पटत नाही. फर्स्ट इयरची पोरं उत्साहात भरतात आणि नंतर फिरकत नाहीत, त्यापेक्षा कार्यक्रमाप्रमाणे फी घ्या.

कॉलेजकडून मागायचं तर जिमखान्याचं (विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांचं) बजेट बनतं तेव्हाच अर्ज टाका, फॅकल्टी इनचार्जच्या सहीने. ऑफिसने ॲडव्हान्स दिला तर तो पक्क्या बिलांवरच सेटल होतो, त्यामुळे फ्लेक्सवाल्याकडून, झेरॉक्सवाल्याकडून बिल त्याच दिवशी घ्या आणि कॉलेजच्या नावाने घ्या. मोठी खरेदी असेल तर कोटेशनं लागतील, म्हणजे वेळ धरून चाला.

माजी विद्यार्थी देतात, पण "क्लबला मदत करा" म्हटलं की देत नाहीत. "दोन सूचरिंग पॅड हवेत, एवढे रुपये" असं सांगा. देणगीवर टॅक्समध्ये सूट मिळते ती पावती (८०जीची म्हणतात ती) तुमचा क्लब देऊ शकत नाही, ती नोंदणीकृत आणि ८०जी असलेली संस्थाच देते, त्यामुळे ॲलम्नाय असोसिएशनकडे ते असेल तर पैसे तिकडून वळवा. तिथेही २००० च्या वर कॅश दिली तर सूट नाही, आणि देणगी देणारे सर नवीन टॅक्स रेजीममध्ये असतील तर पावतीचा त्यांना तसाही उपयोग नाही.

फार्मा कंपनी? एमआर (कंपनीचा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) स्वतःहून विचारतो, बॅनर लावतो, जेवण देतो. मोह होतो. पण सरकारने औषध कंपन्यांसाठी काढलेल्या मार्च २०२४ च्या मार्केटिंग कोडमध्ये डॉक्टरांना वैयक्तिक फायद्याची गिफ्ट देणं कंपन्यांना बंद आहे आणि डायरी-कॅलेंडरसारख्या वस्तूंनाही नगाला १००० ची मर्यादा आहे. आपण अजून डॉक्टर नाही ही पळवाट काढण्यात अर्थ नाही, उद्या होणारच आहोत ना, आणि ते म्हणूनच तर आलेत. मी नाहीच म्हणेन. तुम्हाला त्यांचे पैसे घ्यायचेच असतील तर थेट क्लबने घेऊ नका, डीन ऑफिसमार्फत, लेखी.

आता पैसे ठेवायचे कुठे. क्लबच्या नावाने बँक खातं काढायला क्लबचं वेगळं पॅन लागतं, संस्था रजिस्टर करायची तर १८६० च्या कायद्याखाली किमान ७ जण आणि मग दरवर्षी हिशेब दाखल करणं, कॉलेजच्या ग्रुपला एवढा पसारा कशाला. जिमखान्याच्या खात्यात जमा होत असतील तर बेस्ट. नसेल तर ट्रेझररच्या रोजच्या जीपेवर घेऊ नका, तिथे मेसचे, रिचार्जचे आणि वर्कशॉपचे पैसे एकत्र होतात आणि महिन्याने खुद्द त्यालाही सांगता येत नाही. न वापरलेलं वेगळं सेव्हिंग खातं, इनचार्ज सरांना लेखी कळवून, आणि स्टेटमेंट दर महिन्याला प्रेसिडेंटकडेही. खर्च एकाने करायचा, मंजुरी दुसऱ्याने द्यायची.

शेअर्ड शीटमध्ये तारीख, कोणाला, कशाला, किती आणि बिलाचा फोटो, बस. शीट सगळ्या मेंबरांना बघता आली पाहिजे, एडिट फक्त दोघांना.

ट्रेझरर फायनल इयरचा नको, परीक्षा आली की तो गायब होतो, सेकंड इयरचा घ्या. आणि हँडओव्हर इंटर्नशिप संपताना नाही, नवीन कमिटी बसते त्याच आठवड्यात करा: शिल्लक, येणं बाकी, देणं बाकी, बिलांची फाईल, स्किल लॅबमधून इश्यू केलेल्या सामानाची यादी, खाली जुन्या-नव्या दोघांची आणि सरांची सही.